पत्ता

रात्री साडेअकराला सेटअप कंपाइल केला.
विडी घरकुलात वीज होती, पंखा होता,
मागच्या गल्लीत एक माग अजून खडखडत होता.
स्क्रिप्टमध्ये साधा प्रश्न लिहिलेला:
बिलाच्या प्रिंटरचा ड्रायव्हर आहे का?
नसेल तर आधी तो टाक, मग पुढं सरक.

प्रश्नाच्या तोंडाशी एक उद्गारचिन्ह राहून गेलं,
जुन्या ओळीवरून उचललेलं.
त्याचा अर्थ, आत्ताच विचार, इथंच.
म्हणून तो विचारला गेला माझ्याच मशीनला
आणि मशीन म्हणालं, आहे की.
(माझा प्रिंटर खाटेखाली, वर इस्त्रीचे कपडे.)
बास.
ड्रायव्हर टाकायच्या सात ओळी तिथंच गळाल्या,
तक्रार न करता.
पेन ड्राइव्हमध्ये गेलं ते नुसतं
माझ्या घरातलं "आहे".

सकाळी अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
गड्डमशेटचा चादरीचा कारखाना,
ऑफिसच्या काचेवर सुताची पांढरी लव.
हत्तुरे बिलाच्या टेबलावर, कानाला पेन्सिल.
प्रोग्राम उघडला. चौकट आली.
हत्तुरेंनी ती मोठ्यानं वाचली, पोथी वाचावी तशी:
सी, युजर्स, रजिता, डेस्कटॉप, नवीन फोल्डर दोन,
सापडत नाही.
मग माझ्याकडं बघून,
"ओ मॅडम, हे पत्ता तुमच्या घरचं दिसतंय की."
बिलाच्या कोपऱ्यात वेळ होती, रात्रीचे अकरा एकतीस.
भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा.
"रात्रपाळीचं बिल काढलाव काय ओ?"

पत्ते आमच्या घरात अप्पांचे होते.
जॅकार्डचे. पुठ्ठ्याचे, लांबट,
ग्राफपेपरवर मोर, मोराच्या चौकोनाला भोक,
भोकं पडली की पत्ते दोरीनं ओवून
सायकलच्या कॅरिअरवर बांधून जायचे,
कुणाच्या शेडमध्ये, कुठल्या मागावर,
ते अप्पांना बऱ्याचदा ठाऊकही नसायचं.
एकदा एक भोक जास्त पडलं.
चाळीस चादरी विणून झाल्यावर कुणाला तरी दिसलं
की मोर दोन डोळ्यांनी एकाच बाजूनं बघतोय.
अप्पांनी डिंकानं पुठ्ठ्याची टिकली परत चिकटवली.
चाळीस मोर गेले ते गेलेच,
कुठल्या तरी लॉजच्या गाद्यांवर अजून बघत असतील.

मी लहान होते, विचारलं होतं,
मागावर धागा तुटला तर
त्याचं भोक कुठं पाडता?
अप्पा हसले. लेदु, म्हणाले.
त्याला भोक नाही. तिथं चंद्रय्या उभा आहे ना.
चंद्रय्याला मी कधी पाहिलं नाही.
पण पुढं कितीतरी दिवस मला वाटायचं,
प्रत्येक मागाशी एक चंद्रय्या असतो
आणि तो फक्त धागा तुटायची वाट बघतो.

हत्तुरेंनी खुर्ची दिली. लॅपटॉप उघडला.
शेडमधून धोट्यांचा आवाज टेबलाच्या पायातून वर येत होता.
उद्गारचिन्ह खोडलं.
माझ्या घरच्या पत्त्याजागी डॉलरचं चिन्ह आणि एक शब्द,
म्हणजे जिथं उतरशील तिथलं घर.
वेळेभोवतीचे महिरपी कंस काढले,
वेळ आता ज्याची त्यानं बघायची.
ड्रायव्हरचा प्रश्न मात्र तसाच, शब्दाला शब्द,
फक्त मिटलेला,
दुसऱ्याच्या दारात गेल्यावर डोळे उघडायचा.
पुन्हा कंपाइल केलं. माझं मशीन या वेळी
काहीच बोललं नाही.

हत्तुरेंच्या कॉम्प्युटरवर हिरवी पट्टी निघाली,
अर्ध्यावर थबकली.
आतमध्ये कुणीतरी वाकून बघत असावं.
मग चौकट:
ड्रायव्हर नाही.

नाही.
इतकं बरं वाटलं ते ऐकून
की हत्तुरेंना वाटलं सगळं झालंच.
"चालू झालं काय?"
नाही, म्हटलं. प्रिंटरसोबत एक सीडी आली असेल, बघा.
त्यांनी खणात हात घातला,
तुटक्या बॉबिनी, एक कंगवा, मागच्या वर्षीची दिनदर्शिका,
आणि तळाशी काहीतरी चकाकलं.